आधी ती वही मिट बघू!

टेन्सचा बारा चौकोनांचा तक्ता तू पुन्हा एकदा नव्या वहीत उतरवून काढलास ना? न सांगताही कळलं मला. सगळ्याच जणी काढतात. लाल पेनाने चौकटी, निळ्या पेनाने उदाहरणं, आणि शेवटच्या चौकोनात 'आय शॅल हॅव बीन ईटिंग'. अगं, जन्मात कुणी असं बोलताना ऐकलंयस का? हा तक्ता शाळेत पाठ होता, कॉलेजात पुन्हा पाठ केला, आणि तरी लेकराच्या कॉन्व्हेंटमध्ये मॅडमसमोर उभं राहिलं की तुझा घसा कोरडा पडतो. म्हणजे दुखणं तक्त्याचं नव्हेच. मिट ती वही, चहा ठेव आणि बस इथे.

खरं सांगू का, तुझ्या इंग्रजीतल्या बहुतेक चुका तुझ्या नाहीतच, त्या मराठीच्या आहेत. वाक्य डोक्यात मराठीत तयार होतं आणि घाईघाईत आपण त्यातला एकेक शब्द बदलून ते पुढे करतो. म्हणून तर अकोल्याची तू, अंजनगावची तुझी नणंद आणि अमरावतीची मी, तिघी अगदी त्याच त्या जागी अडखळतो. हे ऐकून तुला हायसं वाटायला हवं. चुका शंभर दिसतात, पण मुळं चार-सहाच आहेत. निंदायला बसलेली बाई तणाचं एकेक पान खुडत बसते का? खुरपं मुळाशी घालते. आपणही तेच करू.

"ताई, माझा पायाच कच्चा" हे मात्र पुन्हा म्हणू नकोस. मी पाचवीत एबीसीडी गिरवली. 2000 साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हा तुझ्या वर्गाने माझ्यापेक्षा चार वर्षं आधी सुरुवात केली. पण दोघींची गाडी अडली एकाच ठिकाणी. कारण बघ, सर धडा वाचायचे, मग मराठीत अर्थ सांगायचे, आपण प्रश्नोत्तरं पाठ करायचो आणि पेपरात उतरवायचो. दहा वर्षं इंग्रजी शिकलो, पण वर्गात आपल्या मनाचं एक वाक्य इंग्रजीत बोलायची वेळ कधी आली नाही. ज्याचा सरावच झाला नाही ते येत नाही म्हणून रडायचं काहून वं?

आता दुसरी लाज काढून टाकू. तुझ्या त्या पुण्याच्या जाऊबाई म्हणाल्या ना, की तुमची वऱ्हाडी जीभ जड, इंग्रजी वळायची नाही? त्यांना काही बोलू नकोस, पण मनातल्या मनात एवढं लक्षात ठेव. आपल्या कोणत्या अक्षरांवर लोक हसतात? 'ण' आणि 'ळ'. आपण पाण्याला 'पानी' म्हणतो, डोळ्याला 'डोया' म्हणतो, शाळेला 'शाया'. बरोबर? तर बाई, इंग्रजीत ना 'ण' आहे, ना 'ळ'. जे आपल्याला जमत नाही म्हणून हिणवतात ते तिथे लागतच नाही! उलट जाऊबाईच 'मनी'ला 'मणी' म्हणणार नाहीत कशावरून. आणि मराठीतला पहिला गद्यग्रंथ मानतात ते लीळाचरित्र लिहिलं गेलं आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठी भाषेचं विद्यापीठही आता तिथेच झालंय. तेव्हा वऱ्हाडी बोलतेस म्हणून मान खाली घालायचं काही कारण नाही.

वऱ्हाडी तर एका ठिकाणी तुला चक्क मदत करते. मी मुद्दाम तपासून पाहिलंय. आपण 'मी रोज बाजारात जाते' म्हणतो आणि आत्ता निघालो असलो तर 'मी बाजारात जाऊन राह्यली' म्हणतो. हा फरक आपल्या जिभेवर पक्का आहे. इंग्रजीतही अगदी तोच आहे. 'जाते'ला 'आय गो', 'जाऊन राह्यली'ला 'आय ॲम गोइंग'. पण पहिलं मूळही इथेच आहे. इतकं सोपं हातात असून आपण काय करतो? 'आयएनजी' लावलं की इंग्रजी भारदस्त वाटतं म्हणून सगळीकडे लावत सुटतो. 'आय ॲम गोइंग टू मार्केट एव्हरी संडे'. नाही गं. दर रविवारी 'जाते', म्हणून 'आय गो'. 

एकच खड्डा सांभाळ. 'मले समजून राह्यलं' हे वऱ्हाडीत चालतं, इंग्रजीत 'आय ॲम अंडरस्टँडिंग' चालत नाही. समजणं, माहीत असणं, आवडणं, हवं असणं, जवळ असणं, यांत हातपाय हलत नाहीत ना, मग 'आयएनजी' नको. 'आय अंडरस्टँड.' 'आय नो.' 'आय हॅव टू ब्रदर्स.' ते 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' तर आजपासून बंद. ऐकणाऱ्याला वाटेल, भाऊ आत्ता जन्माला येऊन राह्यले.

दुसरं मूळ 'नाही'चं. मराठीत 'मी गेले' आणि 'मी गेले नाही', दोन्हीकडे 'गेले' तसंच राहतं. म्हणून आपण 'आय डिड नॉट वेंट' म्हणतो. तुझी चूक नाही, मराठीची सवय. इंग्रजीत भूतकाळ वाक्यात एकदाच मोजतात. 'डिड'ने तो घेतला की पुढचं क्रियापद मोकळं, 'आय डिड नॉट गो', 'डिड ही ईट?'. भांडी घासता घासता दिवसभरात जे जे केलं नाहीस ते म्हणत जा. 'आय डिड नॉट स्लीप. आय डिड नॉट सिट. आय डिड नॉट ड्रिंक माय टी.' यादी लांब निघेल, सरावही होईल आणि घरातल्यांच्या कानावरही जाईल.

तिसरं मूळ 'पासून' या शब्दाचं. पाच वर्षांपासून, सोमवारपासून, 2019 पासून, मराठीत सगळ्याला एकच. इंग्रजीत कॅलेंडरवर बोट ठेवता आलं तर 'सिन्स', म्हणजे 'सिन्स मंडे', 'सिन्स 2019'. आणि मोजून सांगायचा काळ असला तर 'फॉर', 'फॉर फाइव्ह इयर्स'. 'आय ॲम लिव्हिंग इन अकोला सिन्स फाइव्ह इयर्स' हे वाक्य अर्ध्या जिल्ह्याच्या तोंडी आहे. तू 'आय हॅव लिव्ह्ड इन अकोला फॉर फाइव्ह इयर्स' म्हण. तसंच लग्न 'त्याच्याशी' झालं म्हणून 'मॅरीड विथ' म्हणू नकोस, 'मॅरीड टू'. आणि 'डिस्कस'च्या पुढे 'अबाउट' लावू नकोस, 'डिस्कस'मध्ये 'च्याविषयी' आधीच आलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. याबद्दल क्लासमध्ये फार कुणी बोलत नाही, पण आपल्या बायकांचं काम इथेच बिघडतं. आपण उद्धट ठरतो, आणि का ठरलो ते कळतही नाही.

मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो. 'बस', 'बसा', 'बसावं'. वऱ्हाडीत तर 'येजो', 'सांगजो', 'देजो' म्हटलं की हुकूमसुद्धा लाडाचा होतो. 'मॅडम, फॉर्म द्या' यात 'द्या' म्हटलं की झालं, वेगळा आदर लागत नाही. तेच आपण इंग्रजीत नेतो, 'मॅडम, गिव्ह फॉर्म'. पण त्या 'गिव्ह'मध्ये 'दे', 'द्या', 'देजो' काहीच नाही. समोरच्या बाईला ऐकू येतो तो कोरडा हुकूम. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा मोठ्या साहेबांना दारातून म्हटलं होतं, 'सर, कम फास्ट!' माझ्या मनात 'सर, लवकर या' होतं गं, अगदी मान झुकवून. साहेब आले, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

नुसतं 'प्लीज' चिकटवून भागत नाही बघ. 'प्लीज सेंड द फॉर्म' हाही सौम्य हुकूमच. इंग्रजीत आदर हवा असेल तर हुकमाचा प्रश्न करायचा. 'कुड यू सेंड मी द फॉर्म, प्लीज?' 'कॅन आय टॉक टू यू फॉर अ मिनिट?' 'वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?' हे तिसरं वाक्य तर सोन्याचं. मॅडम भरभर बोलल्या आणि काही कळलं नाही, तर मान डोलवून घरी येऊ नकोस, हे वाक्य टाक. इंग्रजी येणारी माणसंही रोज ते म्हणतात, त्यात कमीपणा नाही.

आणि यात एक गंमत आहे, नीट ऐक. प्रश्न विचारताना आपण हमखास घसरतो, कारण मराठीत प्रश्नासाठी शब्दांची जागा बदलावी लागत नाही. 'परीक्षा केव्हा सुरू होईल?' म्हणून आपण 'व्हेन द एक्झाम विल स्टार्ट?' म्हणतो. हवं असतं 'व्हेन विल द एक्झाम स्टार्ट?'. ही अदलाबदल बोलण्याच्या ओघात जमत नाही, मला तर कित्येक वर्षं जमली नाही. पण प्रश्नाच्या आधी 'कुड यू टेल मी' लावलं की पुढे अदलाबदल करायचीच नसते. 'कुड यू टेल मी व्हेन द एक्झाम विल स्टार्ट?' आपलं तेच मराठी वळणाचं वाक्य आता बरोबर झालं, आणि वरून आदरही आला. 'कुड यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?' 'कुड यू टेल मी हाऊ मच द फी इज?' एका दगडात दोन पक्षी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

आदराचीच उलटी बाजूही आहे. सासूबाई 'येताहेत' म्हणून 'माय मदर-इन-लॉ आर कमिंग' म्हणतो आपण. सासूबाई एकट्याच असतील तर 'इज', कितीही मोठ्या असल्या तरी. सरांना 'ही' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण कानात 'तो' वाजतो. मग वाक्यावाक्याला 'सर इज नॉट देअर, सर हॅज गॉन, सर विल कम'. निर्धास्त 'ही' म्हण. त्या 'ही'मध्ये 'तो'चा एकेरीपणा नाही, 'ते'ही त्यातच आले.

'नाही'ची आणखी एक फजिती. मॅडमने विचारलं, 'डिडन्ट ही ब्रिंग हिज टिफिन?' त्याने आणला नसेल तर आपण म्हणतो 'यस', म्हणजे 'हो, नाही आणला'. आपण विचारणाऱ्याला दुजोरा देतो, इंग्रजी माणूस नुसती हकीकत पाहतो. डबा आणला नाही, तर 'नो'. आणला, तर 'यस'. गोंधळ वाटला तर एकच शब्द बोलून थांबू नकोस, 'नो, ही डिडन्ट' असं पुरतं म्हण, मग गैरसमजाला जागा नाही.

आणि मुलाखतीला जाणार आहेस म्हणालीस, तर 'मायसेल्फ' हा शब्द दाराबाहेर ठेवून आत जा. 'मायसेल्फ अमुक तमुक' हे आपल्याकडे बालवाडीपासून शिकवतात, स्टेजवरून म्हणवून घेतात, आणि ते मुळातच चुकीचं आहे. 'आय ॲम' म्हण आणि नाव सांग, संपलं. 'वी आर फोर मेंबर्स इन माय फॅमिली'ही नको, 'देअर आर फोर ऑफ अस'. घरात कोण काय करतं याची यादी त्यांना नकोच असते गं. तू काय केलंस, कोणतं काम येतं, ते सांग. बचत गटाचा हिशेब तू सांभाळतेस ना? ते सांग. 'आय कीप द अकाउंट्स ऑफ अवर सेल्फ-हेल्प ग्रुप.' छोटं वाक्य, खरं वाक्य.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नकोस. अमेरिकेचा हेल काढायला तर अजिबात जाऊ नकोस, ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं. तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे. आपल्या एका 'व'मध्ये त्यांचे दोन आहेत. 'व्हॅन', 'व्हिलेज' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागू दे. 'वॉटर', 'विंडो' म्हणताना दात नाही, नुसता ओठांचा चंबू. आरशासमोर करून बघ, दार लावून कर म्हणजे झालं. दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ. आपण लिहिताना पाळतो, बोलताना गिळतो. 'लिव्ह' म्हणजे राहणं, 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणं. 'आय वाँट टू लीव्ह हिअर' म्हटलंस तर घरमालक दुसरा भाडेकरू शोधेल. तिसरं म्हणजे जोर. मराठीत प्रत्येक अक्षराला सारखं वजन देतो आपण, इंग्रजीत एका तुकड्यावर जोर आणि बाकीचे अर्धे गिळलेले. 'हॉटेल'मध्ये जोर 'टेल'वर. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या तुकड्यावर, पण 'फोटोग्राफर' म्हटलं की तो दुसऱ्यावर सरकतो. हे नियमाने नाही येत, कानाने येतं. 'इस्कूल', 'इस्टेशन' मधला तो आगाऊ 'इ' मात्र लगेच सुटतो. आधी 'स्स्स' असं लांबव आणि मग 'कूल' जोड.

स्पेलिंगवरून स्वतःला मठ्ठ समजणं सोड. देवनागरीत लिहितो तसं बोलतो, म्हणून आपल्याला 'नाइफ'मधला तो मुका 'के' म्हणजे फसवणूक वाटते. तो 'के' एके काळी खरंच उच्चारत असत. इंग्लंडात कॅक्स्टनने 1476 साली छापखाना काढला, मग हळूहळू स्पेलिंगं ठरून गेली, आणि लोकांची बोलण्याची तऱ्हा मात्र बदलत राहिली. त्या भानगडीचा भुर्दंड आज तू अकोल्यात भरतेस. म्हणून नवा शब्द आधी कानाने घे, मग डोळ्याने.

'अ', 'ॲन', 'द' राहिलेच. ते चुकू दे. मराठीत तसलं काही नाहीच, ते यायला सगळ्यात उशीर लागतो, आणि ते चुकलं म्हणून कुणाचं काम अडल्याचं मी पाहिलेलं नाही.

क्लास लावू का, असं विचारलं होतंस. अमरावतीच्या राजकमल चौकात नाहीतर तुमच्या टॉवर चौकात नुसती मान वर केली तरी स्पोकन इंग्लिशचे फलक दिसतात. सगळे वाईट नसतात. पण पैसे भरायच्या आधी एक तास फुकट बसू द्या म्हण. बसलीस की व्याकरणाकडे लक्ष देऊ नकोस, फक्त एवढं बघ की बोलतंय कोण. सर एकटेच बोलत असतील आणि पोरी वहीत उतरवत असतील, तर ती आपली जुनी शाळाच झाली, उठून ये. पोरी बोलत असतील, चुकत असतील, हसत असतील, तर लाव. आणि 'इतक्या दिवसांत फाडफाड' अशी हमी देऊन सगळी फी एकदम मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार कर. त्यापेक्षा त्या पैशाचं तूप आण घरात.

खरं तर घरात फुकटचं बरंच आहे. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर उतरवता येतात. पहिली-दुसरीच्या इंग्रजीपासून सुरू कर आणि मोठ्याने वाच. लेकराचं पुस्तक म्हणून नाक मुरडू नकोस, त्यातली वाक्यं रोजच्या बोलण्यातली असतात, तुझ्या त्या तक्त्यासारखी नव्हेत. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम आहे, पोळ्या लाटताना लाव. पहिल्यांदा निम्मंही कळणार नाही, लाव तरी. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसशील तेव्हा घोषणा ऐक. तीच गोष्ट मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगतात, असा मास्तर कुठे मिळतो?

शब्दकोश वापरायचा तर शिकणाऱ्यांसाठी केलेला वापर. ऑक्सफर्डचा तो लर्नर्स शब्दकोश हॉर्नबी नावाच्या मास्तराने केला, आणि त्याची पहिली आवृत्ती 1942 साली निघाली ती जपानात, कारण तो तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचा. म्हणजे परक्या माणसाला काय अडतं हे समोर ठेवूनच तो रचलेला आहे. शब्दाचा अर्थ तर देतोच, वर वाक्यात कसा बसवायचा, जोर कुठे द्यायचा तेही दाखवतो. मोबाइलवर फुकट बघता येतो. भाषांतराच्या ॲपमध्ये अख्खं मराठी वाक्य टाकून येईल ते उत्तर शाळेच्या डायरीत उतरवायची सवय मात्र तोड. तुझं तू दोन ओळींत लिही, मग हवं तर ॲपला दाखव.

लिहायचं म्हटलं की मला आपले दादासाहेब खापर्डे आठवतात. अमरावतीचे मोठे वकील, 1897 साली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याचे स्वागताध्यक्ष, टिळकांच्या अपिलासाठी 1908 साली विलायतेला गेलेले. फर्डे वक्ते. तर ते दैनंदिनी इंग्रजीत लिहायचे. शिर्डीत राहिले तेव्हाची, 1910 ते 1912 मधली पानं पुस्तकरूपाने छापलेली आहेत. ती वाच, तुला नवल वाटेल. एवढा मोठा वक्ता, आणि पानावर काय? सकाळी उठलो, प्रार्थना केली, अमका भेटायला आला, दुपारी जरा पडलो, अशी साधी छोटी वाक्यं. तुलाही एवढंच करायचं आहे. रात्री ओटा पुसून झाला की पाच ओळी. काय शिजवलं, कोण आलं, कशाचा राग आला. रागाचं जरूर लिही, इंग्रजीत लिहिलेलं सासूबाई वाचणार नाहीत.

लेकराशी मात्र वऱ्हाडीतच बोल. हे मी जरा दटावूनच सांगतेय. 'बेटा, बनाना खा, हँड वॉश कर, फास्ट फास्ट' असलं बोलून ना त्याला इंग्रजी येणार, ना मराठी. तू त्याला रागावतेस, गोष्ट सांगतेस, समजावतेस ती तुझी भाषा भरलेली आहे गं, ती त्याच्या वाट्याला पुरती येऊ दे. इंग्रजी शाळा देईल. तू शिकायचं ते तुझ्यासाठी. आणि ते कार्टं 'मम्मा, इट्स नॉट वेंट, इट्स गो' असं तुला सुधारायला लागलं, तर रुसू नकोस. तुझ्या घरात फुकटचा मास्तर आलाय, त्याला चिवडा दे आणि आणखी विचार.

जावईबापूंचं काय, तर ते हसतात म्हणालीस. हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक स्वतः बोलत नाहीत म्हणून चुकत नाहीत. पुढच्या वेळी हसले की इंग्रजी पेपर त्यांच्या हातात दे आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा म्हण. 'कुड यू रीड दिस फॉर मी, प्लीज?' असं अगदी गोड विचारून.

शनिवारच्या पालकसभेत सगळं बोलायला जाऊ नकोस. एकच प्रश्न ठरवून जा, 'कुड यू टेल मी हाऊ ही इज डुइंग इन क्लास?' आजपासून रोज कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता तो म्हण. मॅडम उत्तर देतील, त्यातलं जेवढं कळेल तेवढं कळेल, उरलेल्यासाठी ते सोन्याचं वाक्य आहेच. आणि बाहेर आल्याबरोबर मला फोन कर, नाहीतर मी इकडे उगाच काळजी करून राहीन.